७३४ यार्ड आणि हार

२२ ऑक्टोबर २०१६, टेक्सासमधलं लबक, अमेरिकन फुटबॉलचा कॉलेज सामना. टेक्सास टेक विद्यापीठाचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा खेळाडू, पॅट्रिक महोम्सने त्या रात्री ८८ पास टाकले, त्यातले ५२ झेलले गेले, ७३४ यार्ड निघाले. गोलरेषांमधलं अंतर १०० यार्डांचं. म्हणजे सात मैदानं ओलांडूनही वर उरलं. शिवाय स्वतः धावून ८५. एकट्याच्या नावावर ८१९ यार्ड! तरीही ओक्लाहोमाने सामना ६६–५९ असा मारला. दोन्ही संघांचे यार्ड मात्र अगदी सारखे, ८५४ आणि ८५४. बेरीज १७०८, दीड किलोमीटरहून जास्त. बचाव नावाची काही गोष्ट त्या रात्री मैदानावर होती की नाही, कोण जाणे.

पलीकडच्या बेकर मेफिल्डने ३६ पासांत २७ पूर्ण केले, ५४५ यार्ड काढले, ७ टचडाउन (गोलरेषेपार पोचवलेले पास) दिले. मग सरस कोण?

कॉलेज फुटबॉलमध्ये १९७९पासून यासाठी एक सूत्र आहे. यार्ड गुणिले ८.४, प्रत्येक टचडाउनचे ३३०, पूर्ण झालेल्या पासाचे १००, प्रतिस्पर्ध्याने पास पळवला तर उणे २००. या सगळ्याला एकूण पासांनी भागायचं. महोम्स १४५.६, मेफिल्ड २६६.३. सूत्राची कमाल मर्यादा १२६१.६, म्हणजे प्रत्येक पासावर ९९ यार्डांचा टचडाउन. तळ उणे ७३१.६, म्हणजे प्रत्येक पास झेलला जाऊनही ९९ यार्ड मागे. प्रत्येक पास प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला तरी गुण उणे २००च, म्हणजे तळापासून बरेच वर! असल्या पट्टीवर माणूस मोजायचा.

या पट्टीवरचे १०० म्हणजे सत्तरच्या दशकापर्यंतचा सरासरी खेळाडू. त्याचे शंभरातले जेमतेम ४७ पास पूर्ण होत आणि टचडाउनपेक्षा पळवलेले पास जास्त असत. २०१९मध्ये एलएसयू विद्यापीठाच्या जो बरोने ५२७पैकी ४०२ पास पूर्ण केले, ५६७१ यार्ड, ६० टचडाउन, पळवलेले पास फक्त ६, गुण २०२. म्हणून तो जुन्या सरासरी खेळाडूच्या दुप्पट चांगला का? १९७०चा स्ट्राइक रेट घेऊन आजच्या टी-ट्वेंटीत कुणाला तोलावं, तसलाच हा हिशेब. त्यातही ६०पैकी ३८ टचडाउन जमार चेस आणि जस्टिन जेफरसन या दोघांनी झेलले. चार यार्डांवर झेललेला चेंडू घेऊन झेलणारा साठ यार्ड पळाला, तरी सगळे चौसष्ट क्वार्टरबॅकच्याच खात्यात पडतात.

दोनच वर्षांनी वेस्टर्न केंटकीच्या बेली झॅपीने ५९६७ यार्ड आणि ६२ टचडाउन करून बरोलाही मागे टाकलं. पण पास ६८६, म्हणून गुण १६८.९. त्याच्यासमोरचे संघही बरोसमोरच्या संघांच्या तोडीचे नव्हते, आणि हे सूत्राला कळायला मार्ग नाही. बरोला व्यावसायिक लीग एनएफएलच्या खेळाडू-निवडीत सर्वांत आधी उचललं, झॅपीला चौथ्या फेरीत.

मला सर्वांत खटकतो तो सॅकचा हिशेब. चेंडू हातात धरून बसलेल्या क्वार्टरबॅकला दहा यार्ड मागे आडवा केला, तर कॉलेजच्या नोंदीत ते धावण्यातले उणे दहा. पासिंगच्या गुणांना धक्काही लागत नाही. तेच, धोका ओळखून त्याने चेंडू शहाणपणाने मैदानाबाहेर भिरकावला, संघाचे दहा यार्ड वाचवले, की तो अपूर्ण पास ठरतो आणि गुण खाली येतात.