ओतारू कालवा
जपानच्या होक्काइडो बेटावरील ओतारू शहरातील ऐतिहासिक बंदरविभाग. साप्पोरोच्या वायव्येस सु. ३५ किमी.वर, इशिकारी उपसागराच्या काठी वसलेल्या या शहराची लोकसंख्या सु. १,११,००० (२०२०) आहे.

मूळचे हे हेरिंग माशांच्या मासेमारीवर वाढलेले गाव. १८८० मध्ये ते लोहमार्गाने साप्पोरोशी जोडले गेले. हा मार्ग १८८२ मध्ये होरोनाईच्या कोळसाखाणींपर्यंत पोहोचल्यावर येथून कोळशाची निर्यात होऊ लागली. रशिया–जपान युद्धानंतर (१९०४–०५) दक्षिण साखालीन जपानकडे आल्याने व्यापार वाढला व शहरात अनेक बँका आल्या. तात्सुनो किंगो प्रभृतींनी आराखडा केलेली बँक ऑफ जपानची इमारत (१९१२) त्या काळाची साक्ष देते. तेथील शाखा २००२ मध्ये बंद झाली असून इमारतीत आता वस्तुसंग्रहालय आहे.

मोठी जहाजे समुद्रात नांगरून त्यांतील माल पडावांतून वखारींपर्यंत आणण्यासाठी १९२३ मध्ये हा कालवा पूर्ण झाला. तो जमीन खणून काढलेला नाही. किनाऱ्यापुढील समुद्रात भराव घालताना मधला पट्टा पाण्याचा ठेवण्यात आला. त्यामुळेच त्याला किनाऱ्यासारखे हलके वळण आहे. काठावरील वखारींचा सांगाडा लाकडी व भिंती दगडी आहेत. आगीपासून मालाचे रक्षण हा त्यामागील हेतू होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर जहाजे थेट धक्क्याला लागू लागली, कोळशाचा व्यापार आटला व कालवा गाळाने भरला. तो बुजवून रुंद रस्ता करण्याची योजना १९६६ मध्ये मंजूर झाली. तीविरुद्ध नागरिकांनी १९७३ मध्ये संघटना स्थापन केली. कालवा टाकाऊ मानावा की शहराचा वारसा, हा वाद सु. दहा वर्षे चालला. अखेरीस तडजोड होऊन दक्षिणेकडील भागाची निम्मी रुंदी बुजविण्यात आली आणि १९८६ मध्ये तेथे रस्ता व वायुदीपांनी उजळणारा पादचारी मार्ग तयार झाला. या भागात कालव्याची रुंदी आता २० मी. आहे, उत्तरेकडे मूळची ४० मी. रुंदी कायम आहे.

वखारींत आज उपाहारगृहे व दुकाने असून, मासेमारीच्या जाळ्यांसाठी काचेचे पोकळ गोळे बनविणाऱ्या या शहरात काचेच्या शोभिवंत वस्तूंचा व्यवसाय भरभराटीस आला आहे. ज्या कालव्याची शहराला अडचण वाटत होती, तोच त्याच्या पर्यटन-व्यवसायाचा आधार ठरला. मात्र पाण्याचा बुजविलेला अर्धा पट्टा आणि मालवाहतुकीचे मूळ जीवन परत आलेले नाही. जपानमधील नगरवारसा-संरक्षणाच्या चळवळीत ओतारूचे उदाहरण या दोन्ही कारणांनी महत्त्वाचे मानले जाते.