टॉवरमधले काका नसतील तर?

बालमित्रांनो, आपल्या नाशिककरांना विमानांचं फारसं नवल नाही. ओझरला विमानांचा कारखाना, गांधीनगरला लष्कराची हेलिकॉप्टरं. वरून घरघर ऐकू आली, की आमचा अर्धा वर्ग खिडकीत! खरं सांगू? मीही खडू ठेवून खिडकीशी जाते. अशाच एका दुपारी चौथीतल्या एका मुलाने विचारलं, "बाई, टॉवरमधले काका डबा खायला गेले, तर विमानं आभाळातच थांबतात का?"

वर्ग खो खो हसला. पण प्रश्न काही हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

मोठ्या विमानतळावर काचेच्या उंच मनोऱ्यात नियंत्रक बसतात. कोणी आधी उतरायचं, कोणी थांबायचं, ते रेडिओवरून सांगतात. छोट्या धावपट्ट्यांवर मात्र असा टॉवर बऱ्याचदा नसतोच. लांब कशाला, मुंबई-आग्रा रस्त्याने धुळ्याला जा. तिथे गोंदूरला धावपट्टी आहे. धुळे, शिरपूर, बारामती अशा ठिकाणी तुमच्या ताया-दादांएवढी मुलं विमान चालवायला शिकली आहेत. टॉवर नसेल तिथे जमिनीवरून कोणी वाऱ्याची नि इतर विमानांची माहिती देतं, पण 'आता उतर' असा हुकूम देत नाही. ते वैमानिकाने स्वतःच ठरवायचं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईला जुहूला उतरले, तेव्हा तर त्यांच्या विमानात रेडिओसुद्धा नव्हता!

मग विमानं एकमेकांवर आदळत का नाहीत? कारण सगळे वैमानिक काही नियम पाळतात.

पहिला नियम वाऱ्याचा. विमान वाऱ्याच्या समोरून उतरतं, म्हणजे त्याचा जमिनीवरचा वेग कमी होतो. वारा कुठून येतोय, हे खांबावरची कापडी पिशवी फुगून दाखवते. सगळ्यांनी तीच पाहिली, की सगळे एकाच बाजूने उतरतात.

दुसरा नियम फेरीचा. उतरण्याआधी विमान धावपट्टीच्या बाजूने चौकोनी फेरी घेतं. वळणं बहुधा डावीकडे, कारण मुख्य वैमानिक डाव्या खुर्चीत बसतो आणि त्याला धावपट्टी दिसत राहते. मधेच घुसायचं नाही. नळावरच्या रांगेसारखंच!

तिसरा नियम बोलण्याचा. त्या धावपट्टीसाठी रेडिओची एकच वाहिनी ठरलेली असते. तिच्यावर प्रत्येकाने सांगायचं: मी कोण, मी कुठे आहे, मी काय करणार आहे. धावपट्टीला नाव नसतं, आकडा असतो. शिर्डीच्या धावपट्टीचंच घ्या. एका टोकाला ०९, दुसऱ्या टोकाला २७. होकायंत्रावर पूर्व म्हणजे ९० अंश आणि पश्चिम २७० अंश. शेवटचं शून्य काढलं, झाला आकडा!

आणि चौथा नियम रेघेचा. धावपट्टीवर शिरण्याआधी जमिनीवर पिवळ्या रेघा असतात. तिथे थांबायचं, दोन्हीकडे पाहायचं, रेडिओवर सांगायचं, मगच पुढे.

एवढे नियम असताना चूक होते कशी? ऐका.

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात क्विन्सी नावाच्या गावाचं विमानतळ आहे. तिथे टॉवर नव्हता. १९ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ. १२ जणांचं एक प्रवासी विमान १३ आकड्याच्या धावपट्टीवर उतरत होतं. ०४ आकड्याच्या धावपट्टीवर 'किंग एअर' नावाचं लहान विमान उभं होतं. १३० अंश आणि ४० अंश, फरक किती? ९०. म्हणजे या दोन धावपट्ट्या एकमेकींना काटकोनात छेदत होत्या!

उतरणाऱ्या वैमानिकांनी रेडिओवर विचारलं, की किंग एअर थांबणार आहे की निघणार आहे? उत्तर आलं, पण ते किंग एअरचं नव्हतं. त्याच्या मागे उभ्या असलेल्या तिसऱ्याच विमानाचा वैमानिक बोलला होता. नेमका त्याच वेळी उतरणाऱ्या विमानातल्या यंत्राचा आवाज झाला आणि शब्द नीट कळले नाहीत. त्यांना वाटलं, किंग एअर थांबतंय. किंग एअर मात्र निघालं होतं. जिथे धावपट्ट्या छेदतात तिथेच टक्कर झाली. दोन्ही विमानांतले सगळे १४ जण गेले. किंग एअरमधल्यांनी रेडिओकडे आणि आजूबाजूला पुरेसं लक्ष दिलं नाही, असं चौकशीत ठरलं.

ही गोष्ट सांगितल्यावर वर्गात एकदम चिडीचूप झालं.

मग आम्ही मैदानावर चुन्याने दोन धावपट्ट्या आखल्या. पाच मुलं झाली विमानं. पहिल्या फेरीत सगळे एकदम ओरडले, कुणालाच काही कळलं नाही. दुसऱ्या फेरीत दोघं नुसतं "मी येतोय" म्हणाले आणि एकमेकांवर धडकले. तिसऱ्या फेरीत प्रत्येकाने आधी नाव सांगितलं, मग जागा. उत्तर नाही आलं, तर पुन्हा विचारलं आणि तोवर रेघेवर थांबून राहिले. त्या फेरीत एकही टक्कर झाली नाही!

डबा खाणाऱ्या काकांची काळजी करणाऱ्या त्या मुलाला मी विचारलं, "काय शिकलास?" तो म्हणाला, "बाई, 'मला वाटलं' असं म्हणायचं नाही. विचारायचं."

मुलांनो, द्वारका चौकात पोलीसमामा असतात. आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर कोणी नसतं. तिथे सायकल दामटताना 'समोरून कोणी येत नसेल' असं वाटलं, तर आधी ब्रेक दाबा, घंटी वाजवा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आणि पालकहो, स्कूटरवरून शाळेत सोडताना आपणही तेच करूया. मुलं मागे बसून सगळं पाहत असतात.

जाता जाता एक कोडं. बारामतीच्या धावपट्टीच्या एका टोकाला ११ आकडा आहे. दुसऱ्या टोकाला कोणता असेल? पाटीवर सोडवा आणि मग आईबाबांना घाला. बघू, त्यांना येतंय का!