शेवटच्या ओळीतल्या आजींना दिसेल अशी स्लाइड

वनहक्क कायद्याची माहिती देण्यासाठी काही वर्षांपूर्वी मी एका पाड्यावर गेले होते. शाळेच्या भिंतीवर पांढरी चादर बांधली, प्रोजेक्टर लावला आणि ३४ स्लाइड दाखवल्या. २००६ चा कायदा, २००८ चे नियम, २०१२ ची दुरुस्ती, सारे त्यात होते. लोक शांत बसून होते. सभा चांगली झाली असे मला वाटले.

पुढे त्याच पाड्यावरच्या एका कुटुंबाचा दावा पुरावा अपुरा म्हणून परत आला. त्यांनी एकच कागद जोडला होता. नियमांप्रमाणे एकाहून अधिक पुरावे लागतात. शेतातला जुना दगडी बांध हाही पुरावा धरला जातो, आणि गावातल्या वृद्ध माणसाचा लिहून घेतलेला जबाबही. या दोन्ही गोष्टी त्यांना सहज देता आल्या असत्या. मी म्हटले, "हे तर मी सभेत दाखवलं होतं." घरातल्या आजी म्हणाल्या, "ताई, तुम्ही दाखवलं असेल, पण आम्हाला कुठं दिसलं?"

परत येऊन संगणक उघडला. ती ओळ १९ व्या स्लाइडवर, नवव्या मुद्द्यात, बारीक अक्षरांत होती.

अशी चूक मोठमोठ्या ठिकाणीही होते. २००३ मध्ये कोलंबिया अंतराळयान कोसळले आणि कल्पना चावला यांच्यासह ७ अंतराळवीर गेले. उड्डाणाच्या वेळी फोमचा एक तुकडा यानाच्या डाव्या पंखावर आदळला होता. त्या धोक्याविषयी अभियंत्यांनी केलेल्या स्लाइडचे शीर्षक दिलासा देणारे होते. चाचण्यांमधल्या तुकड्यांपेक्षा हा तुकडा कितीतरी मोठा आहे, ही खरी काळजीची गोष्ट मात्र तळाशी बारीक ओळींत गेली होती. चौकशी मंडळाने आपल्या अहवालात स्लाइडच्या या पद्धतीवर बोट ठेवले.

त्या दाव्यानंतर मी स्लाइड करण्याची रीत बदलली. आपल्या कार्यकर्त्यांना उपयोग होईल म्हणून ती इथे देते.

आधी वाक्य, मग स्लाइड. सभेतून घरी जाताना लोकांनी कोणती एक गोष्ट बरोबर न्यावी, ते आधी कागदावर लिहावे. माझे वाक्य ठरले: "दाव्याला किमान दोन पुरावे जोडा." या वाक्याला मदत न करणारी प्रत्येक स्लाइड काढली. ३४ च्या ७ उरल्या.

एका स्लाइडवर एकच गोष्ट. भिंतीवर परिच्छेद असला की माणूस तो वाचू लागतो आणि आपले बोलणे निसटते. ज्याला वाचता येत नाही त्याला तर दोन्ही परके होते. कलमांचे आकडे आणि अर्जाचे तपशील छापील पत्रकात द्यावेत. स्लाइडवर चार-पाच शब्द पुरतात.

चित्र खरे असावे. पुरावा म्हणजे काय हे सांगायला बांधाचा फोटो आणि जबाब देत असलेल्या बाबांचा फोटो दाखवावा. इंटरनेटवरची हात मिळवणारी माणसे इथे काही सांगत नाहीत. फोटोतल्या माणसाची परवानगी घ्यावी, मुलांच्या बाबतीत आईवडिलांची. देणगीदारांसमोर बोलतानाही कुणाचे दुबळेपण भिंतीवर मांडू नये.

अक्षरे मोठी आणि ठसठशीत असावीत. मजकूर ३२ पॉइंटच्या खाली नको, शीर्षक ४० च्या आसपास. देवनागरीत मात्रा वर आणि उकार खाली असतात, म्हणून ओळींमध्ये मोकळी जागा ठेवावी. टंक युनिकोडच वापरावा, नाहीतर दुसऱ्याच्या संगणकावर अक्षरांचा चिवडा होतो. रंगांसाठी वारली घराची भिंत आठवावी. गेरूवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ मंद उजेडातही दिसते. पिवळ्यावर पांढरे किंवा निळ्यावर लाल लिहिले तर ते दिसत नाही. मात्र लग्नाचा देवचौक ही पूजेची गोष्ट आहे, स्लाइडची किनार म्हणून तो वापरू नये.

आकडा डोळ्यांना दिसावा. "३० टक्के बालके" असे लिहिण्याऐवजी १० मुलांची आकृती काढून ३ वेगळ्या रंगात दाखवावीत. मग टक्केवारी समजावून सांगावी लागत नाही.

आधी एकाला दाखवून पाहावे. विषय माहीत नसलेल्या एखाद्या ताईंना खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसवावे, प्रत्येक स्लाइड लावावी आणि "यातून काय कळलं?" एवढेच विचारावे. त्या अडखळल्या तर दोष स्लाइडचा. दिवसा उजेडात प्रोजेक्टर फिका पडतो, म्हणून सभा शक्यतो संध्याकाळी ठेवावी. वीज जाणार हे धरून त्याच स्लाइड मोठ्या कागदावर छापून बरोबर न्याव्यात.

गेल्या वर्षी त्याच पाड्यावर पुन्हा सभा झाली. तिसरी स्लाइड लागताच वीज गेली. मी छापलेला कागद कंदिलाजवळ धरला. मागच्या ओळीतून त्याच आजी उठून पुढे आल्या, फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, "असा बांध तर आमच्या शेतातही आहे. माझ्या सासऱ्यांनी घातलेला." त्यावर शेजारचे बाबा म्हणाले, "मी पाहिलाय घालताना." दुसऱ्याच दिवशी त्यांचा जबाब लिहून घेतला.

बांधाचा फोटो आणि तो जबाब जोडून दावा ग्रामसभेतून पुन्हा गेला आहे. निर्णय अजून यायचा आहे. पुढच्या सभेसाठी आपण स्लाइड कराल तेव्हा शेवटच्या ओळीत कोण बसणार आहे हे आधी आठवा, आणि तिथून दिसते का ते स्वतः जाऊन पाहा.