‘वसाहत’ की ‘प्रांत’? : गोमंतकाच्या मुक्तीतील एक शब्दवाद

साष्टी हे नाव दोन प्रदेशांना आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही उपनगरे ज्या बेटावर आहेत ती एक साष्टी. मडगाव ज्या तालुक्यात आहे ती गोमंतकातील दुसरी. दोन्ही नावांचे मूळ ‘षट्षष्टि’, म्हणजे सहासष्ट गावांचा समूह, असे मानले जाते. दोन्हींवर पोर्तुगिजांचे राज्य होते. पहिली मराठ्यांनी १७३७ साली जिंकली; दुसरी १९६१ पर्यंत पोर्तुगालकडेच राहिली. ह्या दुसरीच्या संबंधात जो आंतरराष्ट्रीय वाद झाला, तो बव्हंशी एका शब्दाच्या अर्थाचा होता.

पोर्तुगालने १९३० साली ‘वसाहत कायदा’ केला. परकीय भूमी बाळगणे, तेथे वसाहती करणे व तेथील लोकांना ‘सुसंस्कृत’ करणे हे पोर्तुगीज राष्ट्राचे स्वाभाविक कार्य होय, असे त्यात म्हटले होते. ह्या राज्यव्यवस्थेला शेवट कल्पिलेलाच नव्हता.

ह्याच काळातील फिलिपिन्सचे उदाहरण तुलनेस उपयोगी आहे. अमेरिकेने तेथील स्वातंत्र्ययुद्ध मोडून सत्ता बसविली हे खरे. परंतु १९१६ च्या कायद्याच्या प्रास्ताविकात स्थिर शासन स्थापन होताच स्वातंत्र्य मान्य करण्याचा हेतू नमूद झाला आणि १९३४ च्या कायद्याने दहा वर्षांचा संक्रमणकाल ठरला. १९३५ मध्ये क्वेझॉन हे अंतर्गत स्वायत्त शासनाचे अध्यक्ष झाले. ह्या उदारतेत अमेरिकेतील शेतमालाच्या हितसंबंधांचाही वाटा होता आणि लष्करी तळ व व्यापारी सवलती पुढेही राहिल्या. तथापि कायद्याने स्वतःच्या समाप्तीची वाट आखली होती. ४ जुलै १९४६ रोजी फिलिपिन्स स्वतंत्र झाला.

त्याच्या सोळा दिवस आधी, १८ जून रोजी, मडगाव येथे डॉ. राममनोहर लोहिया यांनी सभाबंदी मोडली व त्यांना अटक झाली. त्याच वर्षी त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना आठ वर्षांची शिक्षा होऊन पोर्तुगालमधील तुरुंगात पाठविण्यात आले.

पुढे १९५१ साली पोर्तुगालने घटनेत दुरुस्ती करून ‘वसाहत’ हा शब्द काढला व ‘सागरपार प्रांत’ हा शब्द घातला. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील ७३ व्या कलमानुसार अस्वयंशासित प्रदेशांची माहिती देणे प्रशासक राष्ट्रावर बंधनकारक आहे. १९५५ च्या डिसेंबरात पोर्तुगाल त्या संघटनेचा सभासद झाला आणि अशा प्रदेशांविषयी विचारणा होताच, आपल्याकडे असे प्रदेशच नाहीत, केवळ प्रांत आहेत, असे उत्तर त्याने दिले. तत्पूर्वी काही महिनेच, १५ ऑगस्ट १९५५ रोजी, ह्या तथाकथित प्रांतात शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला होता.

मराठीत ‘वसाहत’ हा शब्द ‘वसणे’ ह्या क्रियापदाशी निगडित आहे. उपनगरांत औद्योगिक वसाहत, कामगार वसाहत असे प्रयोग नित्याचे आहेत. त्यांत पारतंत्र्याचा गंधही नाही. राजकीय अर्थ शब्दाच्या ध्वनीत किंवा व्युत्पत्तीत नसतो. कोणाच्या संमतीने राज्य चालते, ह्या संबंधात तो असतो. तो संबंध तसाच ठेवून नाव पालटल्यास नावालाच जुना अर्थ येऊन चिकटतो.

संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने १५ डिसेंबर १९६० च्या ठरावात हीच कसोटी लावली आणि ‘गोवा व त्याचे आश्रित प्रदेश’ अस्वयंशासित असल्याचे नमूद केले. ठरावाने राज्य हटले नाही. ते १८ व १९ डिसेंबर १९६१ च्या भारतीय लष्करी कारवाईने हटले, आणि पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व १९७४ अखेरच्या कराराने मान्य केले. परंतु ‘प्रांत’ ह्या शब्दाचा आडोसा त्या ठरावाने आधीच काढून घेतला होता. फिलिपिन्समध्ये कायद्याने शेवटाची तारीख दिली. गोमंतकात कायद्याने प्रश्नाचे नावच पुसून टाकले. जेथे प्रश्नालाच नाव उरत नाही, तेथे वाटाघाटीस विषय उरत नाही, आणि मुक्तीची सनदशीर वाट तेथेच बंद होते.