डोळ्यांची रंगभूषा

शाळेचे स्नेहसंमेलन असो, गणेशोत्सवातले नाटक असो, की गावच्या जत्रेतला प्रयोग असो, मुलांना रंगवायला बसले की आपला हात आधी जातो तो गालांकडे आणि ओठांकडे. गाल लाल, ओठ लाल, वर पांढऱ्या पावडरीचा थर, की झाले काम! मग पडदा वर जातो, आणि मागे बसलेल्या माणसाला चेहरा दिसतो तो नुसता कणकेच्या गोळ्यासारखा. पोराला राग आला की रडू आले, काही उमगत नाही. भाव सगळा डोळ्यांत, आणि डोळेच नेमके हरवलेले!

हे असे का होते? आपले डोळे कपाळाच्या आणि गालाच्या हाडांमधल्या खोबणीत असतात. उन्हात, घरात त्या खोबणीत जी सावली पडते, तिच्यामुळे डोळ्यांना खोली दिसते. रंगमंचावर समोरून झगझगीत दिवा पडला की ही सावली पुसली जाते. ती पुसलेली सावली रंगाने परत आणायची, एवढेच पापणीवरच्या रंगाचे काम. त्याला बाजारात ‘आयशॅडो’ म्हणतात, ते उगीच नव्हे. शॅडो म्हणजे सावलीच की!

मुंबईत गिरगावापासून दादर-परळपर्यंत हिंडलात, तर ही विद्या ठिकठिकाणी आढळेल. परळला १९२२ साली उभे राहिलेले दामोदर नाट्यगृह २०२३ साली पुनर्बांधणीसाठी बंद झाले. पण तोवर गिरणगावातल्या कामगारांची नाटके आणि कोकणातले नमन-दशावतार यांचे ते हक्काचे घर होते. दशावतारी नट आपला चेहरा आपणच रंगवतो. आरसा पुढे घेऊन बसतो, आणि राजाचे डोळे वेगळे, राक्षसाचे वेगळे, असे स्वतःच्या हाताने काढतो. लालबाग-परळच्या गणपतीच्या कारखान्यांतही तेच पाहा. अंगाचा रंग कोणीही देईल, पण डोळ्यांची आखणी मुरलेल्या हाताकडेच जाते.

त्याच परळमध्ये १९४२ साली व्ही. शांताराम यांनी राजकमल कलामंदिर हा चित्रपटांचा स्टुडिओ काढला. चित्रपटात कॅमेरा अगदी तोंडाशी येतो, म्हणून तिथे पापणीवरचा रंग दिसता न दिसता असा लावावा लागतो. उलट दादरच्या शिवाजी मंदिरात, किंवा गिरगावात साहित्य संघाच्या नाट्यगृहात मागच्या रांगेत बसलेल्या प्रेक्षकाला तो हलका रंग दिसणारच नाही. तेव्हा पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की आपला प्रेक्षक किती लांब बसला आहे? लहान वर्गखोलीत हात आखडता घ्यावा, मोठ्या पटांगणात थोडा सैल सोडावा.

आता प्रत्यक्ष कृती. रंग तीनच पुरेत : कातडीहून किंचित उजळ, मध्यम तपकिरी आणि गडद तपकिरी. निळा, हिरवा, चंदेरी हे राजकन्येला आणि परीला ठेवा. सावळ्या मुलीला पांढरा रंग फासू नका बरे का! तो राखेसारखा दिसतो. तिला तांबूस, तपकिरी, डाळिंबी रंग शोभून दिसतात. तिचा रंग लपवणे हे आपले काम नव्हे.

आधी चेहरा धुऊन नीट पुसा. पापणीवर तेल किंवा घाम राहिला, तर रंग घडीत गोळा होतो. उजळ रंग सबंध पापणीवर अनामिकेने, म्हणजे करंगळीशेजारच्या बोटाने, हलकेच थापा. या बोटाचा दाब हलका असतो. मग मुलाला सरळ समोर बघायला सांगा. डोळा उघडा असताना पापणीची जी घडी दिसते, तिच्या किंचित वर मध्यम रंग फिरवा. डोळा मिटवून लावलात, तर तो उघडल्यावर सगळा रंग घडीत गडप होतो. नवशिक्यांची फजिती बहुतेक इथेच होते. शेवटी गडद रंग फक्त बाहेरच्या कोपऱ्यात, चिमूटभर. कुंचला रंगात बुडवला की आधी झटका, मग लावा, म्हणजे भुकटी डोळ्यात पडत नाही.

यानंतर सर्वांत मोलाचे काम : दुसऱ्या, कोरड्या कुंचल्याने रंगांच्या कडा विरवणे. एक रंग कुठे संपला आणि दुसरा कुठे लागला, हे कळता कामा नये. कडा तशीच राहिली, तर डोळ्याला मार लागल्यासारखे दिसते. दोन्ही डोळे आळीपाळीने रंगवा, एक पुरा करून दुसरा नको. आणि मग स्वतः उठून मैदानाच्या टोकाला जा, तिथून पाहा. हातातला आरसा जवळचे सांगतो, लांबचे सांगत नाही.

दिव्यांचा रंगही आधी विचारून घ्या. लाल प्रकाशात लाल रंग फिका पडून नाहीसा होतो. हिरव्या प्रकाशात तोच लाल काळपट होतो. तपकिरी रंग बहुतेक दिव्यांत निभावून नेतो.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आता जे सांगतो ते विशेष ध्यानात ठेवा. नाटक तासाभराचे, डोळे जन्माचे. जुन्या काळी रंगासाठी हिंगूळ, शेंदूर, सुरमा असे हाताला येईल ते वापरीत. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे संयुग. शेंदूर बहुधा शिशाचा असतो, आणि सुरम्यातही पुष्कळदा शिसेच सापडते. सौंदर्यप्रसाधनांत रंगासाठी शिशाची संयुगे वापरायला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे. तेव्हा देवघरातला शेंदूर, रांगोळी, गुलाल, चित्रकलेचे रंग यांतले काहीही पापणीला लावू नका. हस्तकलेची चमकी तर मुळीच नको. तिचा बारीक कण बुबुळाला ओरखडा काढतो.

एकच काजळकांडी वीस मुलांच्या डोळ्यांतून फिरवू नका. एकाचे डोळे आले असले, तर चार दिवसांत सारा वर्ग लाल डोळे घेऊन बसेल. काजळ पापणीच्या केसांच्या बाहेरून लावा. कापसाच्या काड्या मिळतात, प्रत्येक मुलाला नवी घ्या. नवा रंग आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहा. खाज सुटली, तर तो रंग बाद. ज्याचे डोळे आधीच लाल असतील, त्याला रंगवूच नका. त्याला आनंदाने पडदा ओढायचे काम द्या!

प्रयोग संपला की तसेच झोपू देऊ नका. कापसावर थोडे खोबरेल घेऊन मिटल्या पापणीवर क्षणभर धरा, मग वरून खाली हलकेच पुसा, चोळू नका. नंतर साबणाने तोंड धुवा. डोळा चुरचुरला, तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा, आणि तरीही थांबले नाही, तर घरगुती उपाय न करता दवाखाना गाठा.

तीन रंग, दोन कुंचले आणि थोडा धीर, एवढ्यावर हे काम होते. यंदाच्या संमेलनापूर्वी एखाद्या रविवारी दोन-चार मुलांना बसवून हात साफ करून घ्या. मग मागच्या रांगेत बसलेल्या आजीलाही नातवाच्या डोळ्यांतला राग आणि हसू, दोन्ही दिसेल.