निवृत्तिवेतनाचा निधी आणि पॅलेस्टाइन

इंग्लंड-वेल्समधील नगरपालिकेचा कारकून, ग्रंथपाल किंवा शाळेतील साहाय्यक शिक्षिका यांच्या पगारातून दरमहा निवृत्तिवेतनासाठी काही रक्कम कापली जाते. भविष्य निर्वाह निधीची कपात वर्षानुवर्षे पाहणाऱ्या येथील नोकरदाराला त्यात नवल वाटणार नाही. फरक एवढाच, की ही रक्कम स्थानिक संस्थांच्या स्वतंत्र निधींत जमा होते आणि तेथून जगभरच्या कंपन्यांच्या भागांत व रोख्यांत गुंतविली जाते. असे 86 निधी आहेत. मार्च 2024 अखेर त्यांची एकत्रित मालमत्ता सुमारे 39 हजार कोटी पौंड होती. त्यांतील काही पैसा शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांत आणि व्याप्त पॅलेस्टिनी प्रदेशातील इस्रायली वसाहतींशी व्यवहार करणाऱ्या कंपन्यांत गुंतलेला आहे. तो काढून घ्यावा, अशी तेथील अनेक कर्मचाऱ्यांची व नागरिकांची मागणी आहे. नगरपालिकांनी ती मान्य करावयास हवी.

गटारे, दिवाबत्ती आणि कचरा यांसाठी निवडून दिलेल्या मंडळींनी परराष्ट्रधोरणात लक्ष घालू नये, हा या मागणीवरील नेहमीचा आक्षेप. तो वरवर सयुक्तिक वाटतो. परंतु वसाहतीतील व्यवहारावर नफा मिळविणाऱ्या कंपनीचे भाग ज्या दिवशी विकत घेतले, त्याच दिवशी नगरपालिका त्या परदेशी व्यवहारात सहभागी झाली. तेव्हा कोणी परराष्ट्रधोरणाची आठवण करून दिली नव्हती. ती भाग विकण्याच्या वेळी मात्र हटकून होते! शिवाय हा पायंडा नवा नाही. दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषी राजवटीविरुद्ध कॅलिफोर्नियातील बर्कली शहराने 1979 मध्ये आणि इंग्लंडमधील शेफील्डने 1981 मध्ये पाऊल उचलले, तेव्हाही हाच उपहास झाला होता. पुढे 1986 मध्ये अध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार झुगारून अमेरिकी काँग्रेसने निर्बंधांचा कायदा संमत केला. शहरांनी आधी वाट पाडली नसती तर ते घडणे अवघड होते. भारताने तर 1946 मध्येच दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता. चतुःसूत्रीत बहिष्काराला स्थान देणाऱ्या महाराष्ट्राला या अस्त्राची ओळख नव्याने करून द्यावयास नको.

ब्रिटिश सरकारांना मात्र नगरपालिकांचे हे स्वातंत्र्य कधीच रुचलेले नाही. थॅचरबाईंच्या सरकारने 1988 च्या कायद्याने कंत्राटे देताना राजकीय विचार करण्यास त्यांना मनाई केली. 2016 मध्ये निवृत्तिवेतन निधींनाही असाच आदेश देण्यात आला : सरकारच्या परराष्ट्रधोरणाशी विसंगत अशी गुंतवणूकबंदी करू नये. पॅलेस्टाइनच्या पाठिराख्यांनी त्याला आव्हान दिले आणि 29 एप्रिल 2020 रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी तो आदेश बेकायदा ठरविला. या निकालातील लॉर्ड विल्सन यांचे विवेचन कोणत्याही नोकरदाराने मुळातून वाचावे असे आहे. हा निधी म्हणजे सरकारचा पैसा, ही समजूतच त्यांनी खोडून काढली. मालकाचा हिस्सादेखील केलेल्या कामाचाच मोबदला होय. म्हणून निधी सभासदांच्या हितासाठी आहे. गुंतवणूक काढण्यास दोन अटी आहेत : सभासदांचाही तसाच कल आहे असे मानण्यास सबळ कारण हवे आणि निधीला मोठ्या आर्थिक हानीचा धोका नसावा. पुढे हा मार्ग बंद करण्यासाठी आणलेले विधेयक 2024 मध्ये संसद विसर्जित झाल्याने बारगळले.

याच वर्षी 19 जुलैला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने व्याप्त प्रदेशातील इस्रायलचे अस्तित्वच बेकायदा असल्याचे मत दिले. ती बेकायदा स्थिती टिकविण्यास साह्यभूत होणारे व्यापारी व गुंतवणुकीचे संबंध रोखण्यासाठी राष्ट्रांनी पावले उचलावीत, असेही त्यात म्हटले आहे. गुंतवणूक हा शब्द तेथे ओघात आलेला नाही. पश्चिम किनारा आणि पूर्व जेरुसलेम येथील वसाहतींत सुमारे 7 लाख इस्रायली राहतात; त्यांचे रस्ते, घरे, बँका कोणाच्या तरी भांडवलावर उभ्या राहतात. पॅलेस्टिनी घरे पाडणाऱ्या अवजड बुलडोझरांनाही निर्माता आहे आणि त्या निर्मात्याला भागधारक आहेत. नॉर्वेतील नगरपालिकांच्या मालकीच्या केएलपी या निवृत्तिवेतन कंपनीने जून 2024 मध्ये नेमक्या याच कारणासाठी कॅटरपिलरमधील सुमारे 73 कोटी क्रोनरची गुंतवणूक काढून घेतली. त्याआधी जानेवारीत कॅलिफोर्नियातील हेवर्ड शहराने कॅटरपिलरसह चार कंपन्यांतून सुमारे 16 लाख डॉलर काढण्याचा ठराव केला. रक्कम लहान आहे, हे खरे. गाझात मात्र तेथील आरोग्य मंत्रालयाच्या मोजणीनुसार 70 हजारांहून अधिक माणसे ऑक्टोबर 2023 पासून मारली गेली आहेत आणि मोठमोठ्या वस्त्या जमीनदोस्त झाल्या आहेत.

ही मागणी ज्यूद्वेषातून येते, असा आरोप होतो. ज्यूंविषयीच्या द्वेषाने युरोपात काय केले हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी तो हलक्याने घेऊ नये. 7 ऑक्टोबर 2023 रोजी हमासने सुमारे 1,200 जणांना ठार केले व अडीचशे माणसे पळवून नेली, ते कृत्य निर्घृणच होते. परंतु कंपनीचे भाग विकताना कोणाचा धर्म पाहिला जात नाही. कंपनी कोठे काय करते, एवढेच पाहिले जाते. मराठी माणसाला हा भेद सहज उमगावा. कोकणातून गेलेले बेने इस्रायली आज अश्दोद, बीरशेबा, दिमोना येथे राहतात आणि त्यांच्यातील जुनी माणसे अजून मराठी बोलतात. त्यांच्याविषयीचा जिव्हाळा राखूनही वसाहतींचा निषेध करता येतो.

निधी-समित्यांची आणखी एक सबब आहे : आपले हात बांधलेले आहेत. 2025 मध्ये सरकारने सर्व निधींची मालमत्ता मोठ्या संघांकडे सोपविण्याचे ठरविले आणि आठ संघांचे सहा करण्याचे योजिले, त्याचा आधार घेतला जातो. पण गुंतवणुकीचे धोरण ठरविण्याचा अधिकार समित्यांकडेच ठेवलेला आहे. कोणत्या कंपन्या, हा प्रश्नही तितका अवघड नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने वसाहतींशी निगडित कंपन्यांची यादी सप्टेंबर 2025 मध्ये सुधारून प्रसिद्ध केली असून तीत 158 नावे आहेत. ती यादी आपल्या गुंतवणुकीच्या तक्त्याशेजारी ठेवणे आणि सभासदांना लेखी कौल विचारणे, ही दोन कामे कोणत्याही समितीला पुढच्या बैठकीतच हाती घेता येतील.