यष्टीमागची एकच जागा

क्रिकेटच्या संघात फलंदाज सहा-सात असतात, गोलंदाज चार-पाच. यष्टिरक्षक मात्र एकच. पहिला कीपर तंदुरुस्त आहे तोवर दुसऱ्याला फार तर राखीव म्हणून दौऱ्यावर जायला मिळतं. 1980 च्या दशकात हे चंद्रकांत पंडित यांच्या वाट्याला आलं. 1961 साली जन्मलेले पंडित शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकरांच्या हाताखाली घडले. त्यांच्याहून वर्षानं लहान असलेले किरण मोरे बडोद्याच्या मराठी घरातले. मोरे 49 कसोटी खेळले, यष्टीमागे त्यांनी 130 बळी टिपले. पंडित यांना मिळाल्या पाच कसोटी.

त्यांचं पदार्पणही फलंदाज म्हणूनच झालं, 1986 च्या जूनमध्ये, हेडिंग्लीला. त्याच वर्षी मद्रासला ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी बरोबरीत सुटली. तिच्यात मोरे आजारी पडले आणि यष्टीमागे पंडित उभे राहिले. शिवाय 35 आणि 39 धावा केल्या. 1987 च्या विश्वचषकात वानखेडेवरच्या उपांत्य सामन्यात वेंगसरकरांची तब्येत बिघडली म्हणून पंडित आत आले, 24 धावा काढल्या. ग्लोव्हज तेव्हाही मोऱ्यांकडेच होते. कसोटीत पंडित यांची सर्वोच्च धावसंख्या 39 च राहिली. आकडेवारीचं पुस्तक उघडून बसलं तर हा माणूस दोन ओळींत संपतो, आणि मला तो हिशेबच चुकीचा वाटतो.

कीपर नेमकं काय करतो ते जवळून पाहायला हवं. फिरकी गोलंदाज असला की तो स्टंपला खेटून बसतो. भार चवड्यांवर, बोटं जमिनीकडे. चेंडू टप्पा घेऊन उठेल तसतसं त्याच्याबरोबर उठायचं, त्याच्या आधी अजिबात नाही. आधी उठला की खाली राहिलेला चेंडू ग्लोव्हजखालून निघून जातो. लेग स्टंपबाहेरचा चेंडू तर फलंदाजाच्या अंगाआड दिसेनासा होतो. तिथं हात अंदाजानं जावे लागतात आणि तो अंदाज हजारो चेंडू झेलून येतो. आपल्याकडे कवठे येमाई काय, शिरूर-दौंड काय, गावोगावच्या स्पर्धा टेनिस बॉलवर होतात. त्या चेंडूला कीपर बराच मागे उभा राहतो. चेंडू छातीपर्यंत उडतो आणि हाताला लागतही नाही. डोळा तयार होतो, पण स्टंपजवळ उभं राहण्याची विद्या लेदर बॉलशिवाय येत नाही. चपळ पोरं आपल्या भागात कमी नाहीत; त्यांना हा सराव मिळत नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

कीपरला आणखी एक गोष्ट मिळते. मैदानावर बहुतेक सगळ्यांची तोंडं फलंदाजाकडे, तर कीपरच्या समोर सगळा खेळ. फलंदाजाचे पाय कधी अडखळले, गोलंदाजाचं मनगट कुठे सैल पडलं, कुणाचा खांदा तिसऱ्या सत्रात उतरला, हे प्रत्येक चेंडूला त्याच्या नजरेखालून जातं. पंडित यांनी हे सगळं साठवलं आणि प्रशिक्षक झाल्यावर वापरलं. शिस्तीला ते कडक. त्यावरून नाराजीही झाली. पण मुंबईनं त्यांच्या हाताखाली 2003, 2004 आणि 2016 मध्ये रणजी करंडक जिंकला. मध्य प्रदेशाची गोष्ट वेगळी. 1999 मध्ये बंगळुरूच्या अंतिम सामन्यात पंडित त्या संघाचे कर्णधार होते आणि पहिल्या डावाची आघाडी घेऊनही कर्नाटककडून हरले. 2022 मध्ये त्याच चिन्नास्वामीवर त्यांच्या मध्य प्रदेशानं मुंबईला सहा गडी राखून हरवलं.

तरी त्यांचं सगळ्यात मोठं काम मी विदर्भातलं मानतो. साठ वर्षं रणजी खेळून ज्या संघाला अंतिम फेरी दिसली नव्हती, त्यानं 2017-18 आणि 2018-19 असा सलग दोनदा करंडक नेला. वसीम जाफरचा अनुभव होता, कर्णधार फैझ फझल होता, इंदूरच्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबाणीनं दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक घेतली. मला मात्र त्या सामन्यातली एक खेळी जास्त मोलाची वाटते. सातव्या क्रमांकाच्या आसपास येऊन 133 धावा करणारा अक्षय वाडकर हा विदर्भाचा यष्टिरक्षक. पंडित पुढे मध्य प्रदेशाकडे गेले, तिथून कोलकात्याच्या आयपीएल संघाकडे, आणि 2024 ला तोही करंडक जिंकला. वाडकर विदर्भातच राहिला. 2025 मध्ये नागपूरला केरळविरुद्ध विदर्भानं तिसऱ्यांदा रणजी करंडक उचलला, तेव्हा कर्णधार तोच होता.